घेणारा पैसे देतो, मागत नाही

 

आम्ही नागपूर जिल्ह्यात महिला बचत गटांसोबत काम करतो. या कार्यक्रमात आपण नेहमी बोलतो ते कर्जाच्या हप्त्याबद्दल, शेळीपालनाबद्दल, पापड-लोणच्याच्या विक्रीबद्दल. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज आपण जुन्या नाण्यांबद्दल बोलणार आहोत. आपल्या ट्रंकेत, देव्हाऱ्यात, सासूबाईंच्या बटव्यात जी नाणी पिढ्यान् पिढ्या पडून असतात, ती नाणी. आणि ती विकत घेणारे लोक, खरेही आणि खोटेही.

हा विषय आम्हाला का घ्यावासा वाटला, ते आधी सांगतो.

कुही तालुक्यातल्या आमच्या एका गटात एक काकू आहेत. त्यांचं नाव सांगत नाही. त्याच म्हणाल्या, "नाव नका घेऊ, पण गोष्ट सगळ्यायले सांगा." काकू हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जातात, एरवी धानाच्या कामाला. गटात सात वर्षं आहेत. एक हप्ता कधी चुकला नाही. दिवाळीनंतर त्यांनी दोन शेळ्या घेण्यासाठी गटातून २०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज घेतलं. पुढच्या महिन्यात त्या बैठकीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही आल्या नाहीत. घरी निरोप पाठवला तर म्हणाल्या, अंगात कणकण आहे.

आम्ही घरी गेलो. गोठ्यात शेळी नव्हती. काकू बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. चहा ठेवला. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "ताई, माह्याकडून चूक झाली वो. गटाचे पैशे गेले."

झालं होतं ते असं. नातवानं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट आणि वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील, परदेशातले संग्राहक खरेदीला तयार आहेत. काकूंकडे दोन्ही होतं. शिवाय सासूबाईंची रुपयांची माळ होती, राणीछाप चांदीच्या ११ रुपयांची. नातवानं फोटो पाठवले. दहा मिनिटांत फोन आला. समोरचा माणूस गोड बोलणारा. म्हणाला, रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, तुमच्या नाण्यांना परदेशात गिऱ्हाईक मिळालं आहे, ३ लाख २० हजार रुपये मंजूर झाले आहेत. व्हॉट्सॲपवर ओळखपत्र आलं, गोल शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं.

मग सुरू झाली मागणी. आधी नोंदणीचे १,१५० रुपये. ते भरले. मग जीएसटीचे ४,८०० रुपये. तेही भरले. मग परदेशी चलन बदलून घेण्याचा खर्च म्हणून १२,५०० रुपये. असे १८,४५० रुपये गेले. शेळीचे पैसे होते ते. आणि आम्ही घरी पोहोचलो त्याच्या आदल्या दिवशी चौथा फोन आला होता: आता पैसे नकोत, चांदीची माळ तपासणीसाठी कुरिअरने पाठवा, मग सगळी रक्कम एकदम जमा होईल. माळ कापडात बांधून, वर पत्ता लिहून तयार होती. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो असतो, तर सासूबाईंची माळही गेली असती.

मैत्रिणींनो, काकू भोळ्या आहेत असं कुणी म्हणू नका. गटाचा हिशोब त्या पाचव्या मिनिटाला तोंडी सांगतात. पण हा बाजार त्यांच्या ओळखीचा नव्हता. धान विकायचं तर आपल्याला माहीत असतं की काटा कुठे, भाव कोण सांगतो, पैसे कोण कुणाला देतो. जुन्या नाण्याचा बाजार आपण कधी पाहिलेलाच नाही. म्हणून कुणीही काहीही सांगितलं तरी ते खरं वाटतं.

त्याच दिवशी आम्ही १९३० या क्रमांकावर फोन केला. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार नोंदवण्याचा हा सरकारी क्रमांक आहे, सगळ्या देशात चालतो. पोलीस ठाण्यातही तक्रार दिली. पण शेवटचे पैसे भरून तोवर नऊ दिवस झाले होते. ते पैसे अजून परत आलेले नाहीत. अशा वेळी पहिला तास-दोन तास फार मोलाचे असतात. पैसे पुढच्या खात्यातून काढून घेतले जाण्याआधी तक्रार गेली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते. काकू नऊ दिवस लाजेनं गप्प बसल्या. फसवणाऱ्याला हीच लाज उपयोगी पडते.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेनं याच फसवणुकीबद्दल जाहीर सूचना काढली होती. काही लोक रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन किंवा कर मागत आहेत, असं त्यात सांगितलं होतं. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात पडत नाही. त्यासाठी कसलंही शुल्क मागत नाही. आणि आपल्या वतीनं शुल्क गोळा करण्याचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. नागपुरात संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची मोठी इमारत आपण बसमधून पाहतो. त्या इमारतीतून कुणी तुमच्या ट्रंकेतलं नाणं विकायला फोन करत नाही.

एवढं सांगून आम्ही थांबलो असतो. पण काकूंनीच एक प्रश्न विचारला. म्हणाल्या, "ताई, मंग खरे घेणारे कोणी असतेतच नाही का? का सगळंच खोटं?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडेही नव्हतं. हिवाळ्यात नागपूरला नाण्यांचं आणि टपाल तिकिटांचं प्रदर्शन लागल्याचं कळलं, तेव्हा गटातल्या सहा जणी आणि आम्ही बसनं तिथे गेलो. काकू पण आल्या. माळ घरीच ठेवली होती, मोबाइलमध्ये तिचा फोटो होता.

तिथे एका टेबलामागे एक निवृत्त गृहस्थ बसले होते. बँकेत कारकून होते. त्यांच्या फळीवर सगळी परदेशी नाणी. एका पांढऱ्या नाण्यावर काकूंचं लक्ष गेलं. म्हणाल्या, "हे तं धानाची लोंबी हाय!"

ते नाणं दक्षिण कोरियाचं होतं, ५० वॉनचं. आपला जसा रुपया, तसा त्यांचा वॉन. त्यांच्या ५० वॉनच्या नाण्यावर खरंच धानाची लोंबी असते. १० वॉनवर बुद्धमंदिरातला दगडी मनोरा, १०० वॉनवर त्यांच्या आरमाराचा जुना सेनापती यी सुन-सिन, आणि ५०० वॉनवर उडणारा करकोचा. या भाऊंच्या ओळखीचा एक मुलगा कारखान्याच्या प्रशिक्षणासाठी कोरियाला गेला होता. त्यानं परत येताना मूठभर नाणी आणली. तेव्हापासून भाऊंना छंद लागला. कोरियाला ते कधी गेले नाहीत, भाषा येत नाही, तरी नागपूरला बसून तिथली नाणी विकत घेतात. म्हणजे आपल्या काकूंना फोनवर ज्या "परदेशी संग्राहका"चं आमिष दाखवलं होतं, तसा खराखुरा परदेशी संग्राहक आमच्या समोर बसला होता. फरक एवढाच की, हा नागपूरचा होता आणि कोरियाच्या लोकांसाठी परदेशी होता.

काकूंनी सरळ विचारलं, "भाऊ, तुम्ही त्या कोरियावाल्याकडून नाणं घेता, तं आधी त्याच्याकडून किती पैशे मागता?"

ते हसले. म्हणाले, "काकू, मी घेणारा. मी त्याला पैसे देतो. त्याच्याकडून कशाला मागू?"

काकू काही बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. आम्ही सगळ्याच बसलो. मग त्यांनी तासभर समजावून सांगितलं. ते आपल्या शब्दांत तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, नाणं जुनं आहे म्हणून महाग होत नाही. दुर्मिळ असेल, चांगल्या स्थितीत असेल आणि ते मागणारे लोक असतील, तरच किंमत येते. त्यांनी कोरियाच्या ५०० वॉनच्या नाण्याचं उदाहरण दिलं. हे नाणं आपल्या हिशोबात तीसेक रुपयांचं. आजही कोरियात रोज वापरात आहे. पण त्यावर १९९८ हे वर्ष असेल, तर त्याच नाण्याला संग्राहक हजारो रुपये मोजतात.

असं का? तर १९९७ च्या शेवटी कोरियावर मोठं आर्थिक संकट आलं. देशाकडे परदेशी कर्ज फेडायला पैसा नव्हता. १९९८ च्या सुरुवातीला लोकांनी घरातलं सोनं बाहेर काढलं. लग्नाच्या अंगठ्या, लेकरांना पहिल्या वाढदिवसाला मिळालेल्या अंगठ्या. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून सुमारे २२७ टन सोनं जमा केलं. मैत्रिणींनो, अंगावरचं सोनं उतरवताना बाईच्या मनाला काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तेव्हाच डब्याडुब्यांत साठवलेली चिल्लरही लोकांनी बाहेर काढली. त्यामुळे नवी नाणी पाडायची गरजच उरली नाही. त्या वर्षी ५०० वॉनची नाणी बाजारासाठी पाडलीच नाहीत. संग्राहकांच्या संचांसाठी तेवढी ८,००० पाडली. म्हणून ते वर्ष दुर्मिळ झालं.

आपल्याकडेही असं उदाहरण आहे. सहाव्या जॉर्ज राजाचा १९३८ चा चांदीचा रुपया बऱ्याच लोकांकडे सापडतो. १९३९ चा मात्र फार थोडा सापडतो आणि त्याला मोठी किंमत येते. दिसायला दोन्ही सारखे. फरक एका आकड्याचा. म्हणूनच १९३९ च्या रुपयाच्या नकलाही पुष्कळ आहेत.

आता वैष्णोदेवीचं नाणं बघा. ते २०१२ साली निघालं आणि चलनात आलं. बाजारात, देवळात, बसमध्ये हाताहातांतून फिरलं. जे कुणालाही सुट्ट्या पैशांत मिळू शकतं, त्याला कुणी लाखो रुपये कशाला देईल? ट्रॅक्टरवाल्या नोटेचंही तेच. छंद असलेला माणूस कोऱ्या करकरीत नोटेला थोडं जास्त देईल, पण लाख नाही.

दुसरी गोष्ट, मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक असतो. मोबाइलवर कुणी आपल्या नाण्यापुढे पाच लाख लिहिलं, म्हणजे ते पाच लाखांना विकलं गेलं असं नाही. आपण बाजार समितीत मिरची नेतो तेव्हा शेजारच्यानं सांगितलेला भाव खरा मानत नाही, पट्टीवर जो भाव चढला तो खरा मानतो. हे भाऊही तसंच करतात. कोरियातलं नाणं घेण्याआधी ते नाणं मागच्या लिलावांत प्रत्यक्ष किती रुपयांना गेलं, ते बघतात.

तिसरी गोष्ट, खरा संग्राहक खूप प्रश्न विचारतो. दोन्ही बाजूंचे फोटो मागतो. कडेचा फोटो मागतो. वजन विचारतो. ५०० वॉनचं नाणं ७.७ ग्रॅमचं असतं. त्यात मोठा फरक पडला की ते घेत नाहीत. नाणं वापरलेलं की कोरं, घासलेलं की मूळ रंगाचं, हे बघतात. जशी आपल्या संत्र्यांची प्रतवारी होते, तशीच नाण्यांचीही होते. पहिल्यांदा एखाद्या विक्रेत्याकडून घ्यायचं असेल तर लहान खरेदी करतात. ती नीट पोहोचली तरच पुढची. आणि आपल्या काकूंच्या फोनवाल्यानं काय केलं? न वजन विचारलं, न वर्ष विचारलं. फोटो पाहून दहा मिनिटांत ३ लाख २० हजार मंजूर. ही घाई कशासाठी होती, ते आता आम्हाला कळलं.

चौथी गोष्ट, परदेशातून नाणं मागवणं स्वस्त नसतं. कोरियातले पुष्कळ विक्रेते फक्त त्यांच्या देशातच विकतात, त्यामुळे तिथे राहणाऱ्या कुणाची तरी मदत घ्यावी लागते. नाणी साध्या, नोंद नसलेल्या पाकिटात घालून परदेशी पाठवायची नसतात, म्हणून टपालखर्च वाढतो. समजा नाणं ६०० रुपयांचं आणि टपाल ९०० रुपयांचं. वर बँकेचा खर्च, आणि सीमाशुल्क लागलं तर तेही. म्हणून ते सहा-सहा महिने थांबतात आणि पाच-दहा नाणी एकत्र मागवतात. या सगळ्या खर्चाचा बोजा कुणावर? घेणाऱ्यावर. विकणाऱ्याकडे नोंदणी फी, जीएसटी, चलन बदलाचा खर्च असं काही ते मागत नाहीत. पावती मिळते, ती जपून ठेवतात.

पाचवी गोष्ट ऐकून तर आम्ही थक्क झालो. शंभर वर्षांहून जुनं नाणं आपल्या देशाबाहेर पाठवायला सामान्य माणसाला परवानगीच नाही. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षं जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि ती केंद्र सरकार किंवा सरकारनं नेमलेली संस्थाच बाहेर पाठवू शकते. म्हणजे काकूंच्या माळेतला राणीछाप रुपया परदेशात विकून देतो असं जो सांगतो, तो एक तर खोटं बोलतो किंवा आपल्याला गुन्ह्यात ओढतो. देशातल्या देशात असे रुपये विकता येतात, त्यात अडचण नाही.

मग काकूंनी माळेचा फोटो दाखवला. भाऊंनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. म्हणाले, रुपये खरे दिसतात, पण प्रत्येकाला कडी डाक लावून जोडली आहे आणि दर दिवाळीला चिंचेनं घासून लख्ख केले आहेत. त्यामुळे संग्राहक याला जास्त देणार नाही. मात्र चांदी म्हणून याची किंमत चांगली आहे.

ही चांदीची किंमत कशी काढायची, तेही त्यांनी शिकवलं. वही-पेन असेल तर लिहून घ्या. राणी व्हिक्टोरियाचा, एडवर्डचा आणि पाचव्या जॉर्जचा रुपया भरतो एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. ११ रुपयांत झाली साधारण ११७ ग्रॅम. झिजेचे दोन-चार ग्रॅम कमी धरा. त्याला त्या दिवसाच्या चांदीच्या एका ग्रॅमच्या भावानं गुणा. सराफ थोडी घट धरेल, पण आपल्याला आकडा माहीत असला की फार खाली जाता येत नाही. इतवारीच्या सराफ्यात गेलात तर एकाच दुकानात विकून येऊ नका, तीन ठिकाणी विचारा.

१९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच असते. आणि १९४७ चा रुपया, ज्याच्या मागे वाघ आहे, तो चांदीचा नाहीच, निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदीचा रुपया चिकटत नाही. घरी लेकराच्या खेळण्यातलं लोहचुंबक असेल तर करून बघा.

एक गोष्ट ते हात जोडून म्हणाले. जुनं नाणं घासू नका. चिंच, मीठ, राख, पावडर, काहीही लावू नका. आपल्याला जो मळ वाटतो, तो संग्राहकाला वयाचा रंग वाटतो. लक्ष्मीपूजनाला मांडायचं असेल तर कोमट पाण्यातून काढून मऊ कापडानं टिपून घ्या, बस.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणी रोजगार हमीच्या, विहिरीच्या, घराच्या पायाच्या खोदकामावर जातात. आपल्या विदर्भाच्या मातीत जुनी नाणी सापडतात. आताच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळा गावी १९३९ साली सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. खोदताना असं काही सापडलं, तर ते वाटून घ्यायचं नाही, वितळवायचं नाही, गुपचूप विकायचं नाही. १८७८ चा कायदा आहे की, दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सापडवणाऱ्याचा हक्कही त्या कायद्यात मांडलेला आहे. लपवलं तर मात्र गुन्हा होतो. आणि जुनी नाणी बघायची हौस असेल तर नागपूरचा अजब बंगला आहेच. ते संग्रहालय १८६३ सालचं आहे.

परत येताना बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या होत्या. उमरेड रोड लागल्यावर म्हणाल्या, "एवढंच माहीत असतं तं झालं असतं ना वो, का घेणारा पैशे देते म्हणून." आम्ही काही बोललो नाही. हे तर आपल्याला माहीतच असतं. मिरची घेणारा व्यापारी आपल्याला पैसे देतो, दूध घेणारा देतो, कोंबडी घेणारा देतो. पण तीन लाखांचा आकडा कानावर पडला की रोजचं शहाणपण बाजूला राहतं.

पुढच्या बैठकीत काकूंनी स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. सांगताना आवाज कापत होता. सगळ्या गप्प होत्या. मग एक ताई म्हणाली, मलाही असा फोन आला होता, मी ६०० रुपये भरले आणि कुणाला सांगितलं नाही. मग आणखी एक बोलली, तिच्या मुलानं भरले होते. १२ जणींच्या गटात तिघी निघाल्या! तिघींनाही वाटत होतं की आपण एकट्याच मूर्ख ठरलो.

गटानं ठरवलं की काकूंना दंड लावायचा नाही. हप्ता १,००० वरून ५०० वर आणला, मुदत वाढवली. कर्ज माफ केलं नाही, काकूंनाही ते नको होतं. त्यांनी आतापर्यंत चार हप्ते भरले आहेत. शेळी अजून घेतलेली नाही. माळ विकून कर्ज फेडावं का, असा विचार त्यांच्या मनात आला होता. हिशोब करून बघितला, मग म्हणाल्या, "सासूबाईची हाय, राहू द्या." माळेचं वजन, रुपयांची वर्षं आणि फोटो आता त्यांच्या वहीत आहेत.

त्या बैठकीत आम्ही काही नियम लिहून भिंतीवर लावले. तुमच्या गटातही लावा.

एक, घेणारा पैसे देतो. विकणाऱ्याकडे आधी पैसे मागणारा घेणारा नव्हे. नाव काहीही असो, नोंदणी, कर, विमा, तपासणी.

दोन, पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन पैसे जाताना लागतो.

तीन, आधार, पासबुक, ओटीपी यांचा फोटो किंवा आकडा अनोळखी माणसाला पाठवायचा नाही. आणि कुणी पाठवलेल्या ओळखपत्रावर विश्वास ठेवायचा नाही. गोल शिक्का कुणीही छापू शकतो.

चार, चांदी, दागिना, नाणं तपासणीसाठी कुरिअरनं पाठवायचं नाही. समोर बसून, समोर वजन करून, समोर पैसे घेऊन व्यवहार करायचा. जाताना सोबत दुसरी एक जण न्यायची.

पाच, ५०० रुपयांपेक्षा जास्त रक्कम अनोळखी माणसाला भरायच्या आधी गटातल्या एकीला तरी सांगायचं. फक्त एकीला. सांगताना आपल्याच तोंडून आपल्याला कळतं की काहीतरी चुकतंय.

सहा, फसलो असं कळलं की त्याच क्षणी १९३० लावायचा. रडणं नंतर.

शेवटी, मुलांसाठी एक छान खेळ सांगतो, म्हणजे नाण्यांची भीती बसायला नको. आजच पिशवीतली सुट्टी नाणी काढा आणि वर्षाच्या खाली बघा. हिऱ्यासारखी बारीक खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. तारा असेल तर हैदराबादचं. गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. लेकरांना एक वही द्या आणि प्रत्येक वर्षाचं, प्रत्येक टांकसाळीचं एकेक नाणं जमवायला सांगा. कोणी खास नाणी घ्यायची म्हटली, तर सरकारी टांकसाळ स्वतः संग्राहकांसाठी संच विकते, तिथूनच घ्यावी. प्रदर्शनातल्या भाऊंनी काकूंना निघताना ५० वॉनचं एक नाणं भेट दिलं, लोंबीचं. ते काकूंच्या देव्हाऱ्यात आहे. त्याची किंमत आपल्या तीन-चार रुपयांएवढी. काकू ते घासत नाहीत.

आजचा कार्यक्रम घरातल्या माणसांनाही ऐकवा, विशेषतः ज्यांच्या हातात मोबाइल असतो त्या पोरांना. आणि असा फोन तुम्हाला आला असेल, पैसे गेले असतील, तर पुढच्या बैठकीत बोला. तुम्ही बोललात की शेजारची पण बोलेल.

नमस्कार.